घरात नर नाही, तरी शॅमेलियनचं पोट वाढलंय. अंडी असतील का?

कॅम्पकर_ताई, बेळगाव
नमस्कार मंडळी. आमच्याकडे वेल्ड शॅमेलियन (रंग बदलणारा परदेशी सरडा) आहे, मादी, नाव चिंगी. भावाच्या मित्राची होती. तो नोकरीला बेंगळूरला गेला आणि ही आमच्या माडीवर आली. वय वर्षाच्या आतबाहेर. गेल्या काही दिवसांत पोट दोन्ही बाजूंनी फुगलंय, कातडीखाली गोळे गोळे दिसतात. एरवी फिकट हिरवी असते, आता काळपट झालीय आणि अंगभर पिवळे-निळे ठिपके. काल रातकिडे सोडले तर जीभसुद्धा काढली नाही. दिवसभर जाळीवर वर-खाली, वर-खाली करूलीय. आज्जी बघून म्हणाली, "अगं, गाभण आहे ती." पण घरात नर नाही, कधी आणलाच नाही. मग गाभण राहील कशी? जंत असतील का? की गाठ? बेळगावात सरडा बघणारा डॉक्टर कोण माहीत असेल तर सांगा.

रानवेडा_खानापूर
ताई, आज्जींचं निम्मं बरोबर आहे. चिंगी गाभण असेलच असं नाही, पण अंड्यावर आलीय हे नक्की वाटतंय. पोल्ट्रीतली कोंबडी कोंबड्याचं तोंडही न बघता अंडी घालते, वेल्डच्या मादीचंही तसंच. कोंबडीचं दिवसाला एक असतं, हिची एकदम खेप पडते. तीस-चाळीस सहज, कधी सत्तरच्याही वर. चार-सहा महिन्यांची झाली की पहिली खेप येऊ शकते. पँथर शॅमेलियनमध्येही नराशिवाय अंडी होतात, पण वेल्डइतकी हमखास नाही.

काळपट अंगावर झगझगीत ठिपके हा नराला 'जवळ येऊ नको' म्हणून सांगायचा रंग. नर समोर नसला तरी अंडी भरली की तो येतो. खाणं सोडणं आणि येरझाऱ्या घालणं हेही त्यातलंच, जागा शोधतेय ती.

आता मला सांगा, पिंजऱ्याच्या तळाला काय घातलंय?

कॅम्पकर_ताई
पेपर. रोजचा तरुण भारत. साफ करायला बरा पडतो.

रानवेडा_खानापूर
मग आजच्या आज माती लागणार. संगम झाला की नाही याचा काथ्याकूट नंतर करू. पोटात अंडी आहेत आणि ती घालायला जमीन नाही, ही खरी अडचण. या सरड्याची मादी एरवी झाडावरून खाली उतरत नाही, अंडी घालायलाच उतरते. बोगदा खणते, आत मागं सरकून अंडी घालते, वरून माती ओढून पायांनी थापटते. खणायला मिळालं नाही तर अंडी आतच धरून ठेवते, आणि त्यातच मादी दगावते.

रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा किंवा खोल बारडी घ्या. आत निदान फूटभर माती-वाळू पाहिजे. घमेलं नको, उथळ पडतं. खणताना तळ लागला की "इथं जमत नाही" म्हणून पुन्हा फिरायला लागते. मिश्रण ओलसर हवं, चिखल नको. मुठीत दाबलं की गोळा राहावा, पाणी टपकू नये. बोटानं तिरकं भोक पाडून बघा. ढासळलं तर अजून पाणी. चढा-उतरायला एक फांदी टेकवा.

अनगोळ_आक्का
वाळू कुठली घेणार ते आधी ठरवा. आता बांधकामावर सगळीकडं एम-सँड मिळते, ती दगड फोडून केलेली असते, कडा बोचऱ्या. खणणाऱ्या जनावराला ती नको. आमच्या घरी नदीची जुनी वाळू पडली होती, पिठाच्या नव्हे, रव्याच्या चाळणीनं चाळून तीनदा धुतली. पाणी नितळ आलं मग वापरली.

निपाणीकर
आमच्याकडं काळी माती आहे शेताची, ती चालत नाही का? फुकटात मिळेल.

अनगोळ_आक्का
चालत नाही वो. ओली असताना पायाला चिकटते, वाळली की दगड होऊन भेगा पडतात. खानापूर बाजूची तांबडी माती आणि वाळू निम्मी-निम्मी घ्या, बोगदा मस्त टिकतो. पण कुठलीही माती घ्या, खत-फवारणी झालेल्या शेतातली नको. उसाच्या रानातली तर अजिबात नको.

कॅम्पकर_ताई
गच्चीवर कुंड्या भरायला आणलेली तांबडी माती आहे, खत न घातलेली. वाळू शेजारी मागते. संध्याकाळी डबा ठेवते.

हौशी_मासेवाला, शहापूर
ताई, घाबरू नका. ड्रॉपरनं दोन थेंब एरंडेल पाजा आणि पोटावरून हलक्या हातानं खाली चोळा. आमच्या मांजरीला असंच केलं होतं, मोकळी झाली.

पशुवैद्य_होणार
मासेवाले काका, हे कृपा करून कुणी करू नका. पोट चोळलं, दाबलं की आतलं अंडं फुटू शकतं. बलक पोटाच्या पोकळीत सांडला की आतून सूज येते आणि मग वाचवणं फार अवघड. एरंडेलाचा अंड्यांशी संबंधच नाही, आतड्यावर काम करतं ते.

मी पशुवैद्यकच्या शेवटच्या वर्षाला आहे, डॉक्टर नाही अजून, तेव्हा हे वाचून घरी उपचार करू नका. पण थांबायचं किती आणि पळायचं कधी, एवढं सांगतो.

खात नाही पण डोळे उघडे टक्क, फांदीवर पकड घट्ट, हिंडतेय, खणतेय: हे ठीक आहे. माती द्या आणि एकटं सोडा. दिवसाढवळ्या डोळे मिटून बसली, डोळे खोल गेले, पकड सैल झाली, तळाला पडून राहिली, जोर करतेय पण अंडं येत नाही, किंवा एक-दोन अंडी टाकून गप्प बसली: यातलं काहीही दिसलं तर उद्यावर ढकलू नका.

अंडी अडकायला खणायला जागा नसणं हे मोठं कारण, पण एकटं तेच नव्हे. पाणी कमी पडणं, कॅल्शियम कमी पडणं, एखादं वेडंवाकडं अंडं वाटेत बसणं, फार लठ्ठ मादी, अशीही असतात. कवचाला कॅल्शियम लागतं आणि अंडी ढकलणाऱ्या स्नायूंनाही तेच लागतं. अन्नातून आलं नाही तर शरीर हाडांतून ओढतं. म्हणून विचारतो, यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची, कॅल्शियम अंगी लागायला ते लागतात) ट्यूब आहे का? आणि किड्यांना कॅल्शियम पावडर लावता का?

कॅम्पकर_ताई
पावडर आहे, लावते. ट्यूब मित्रानं दिलेलीच आहे, कधीची ते माहीत नाही. पण पिंजरा खिडकीजवळ आहे, सकाळचं ऊन येतं.

पशुवैद्य_होणार
खिडकीची काच यूव्हीबी अडवते. ऊब मिळते, बाकी काही नाही. ट्यूबही पेटलेली दिसते म्हणजे यूव्हीबी देतेय असं नसतं, साधारण वर्षानं बदलावी. आणि बेळगावात जून ते सप्टेंबर सूर्य दिसतो कुठं? पावडरमध्ये डी-३ असलेली रोज नको, महिन्यातून दोनदा पुरे. रोजची साधी. एक्स-रे करून घ्याच. कवच आलेली अंडी त्यात दिसतात. कधी कधी नुसते बलक अंडाशयातच वाढून अडकतात, कवच येतच नाही. त्याचा उपचार वेगळा, तेव्हा आधी कुठला प्रकार आहे ते कळलेलं बरं.

निपाणीकर
सोनोग्राफी नाही होत का? नाहीतर सेंटरच्या दारात 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' हा फलक आणि खाली ताई सरडा घेऊन उभ्या. 😄

पशुवैद्य_होणार
होते. ती जनावरांच्या दवाखान्यातच करायची. आणि लिंगाचं विचाराल तर वेल्डमध्ये नराच्या मागच्या पावलाला टाचेशी काट्यासारखा उंचवटा असतो, अगदी पिल्लू असल्यापासून. ताई, एकदा बघून घ्या, मादी म्हणून दिलेला नर निघाल्याचे किस्से आहेत. (चिंगीचा रंग बघता तसं नसावं.)

कॅम्पकर_ताई
पाहिलं, काटा नाही. चिंगीच आहे, चिंग्या नाही.

कागवाडचा_शेतकरी
राम राम. मी इथं पहिल्यांदाच लिहितोय. काल सांजच्याला मळ्याच्या रस्त्यावर घोयरा दिसला, हिरवागार, पोट मोठं, डुलत डुलत रस्ता ओलांडत होता. आमच्याकडं लोक विषारी म्हणून धोंडा घालतात. पोरानं खोक्यात घालून घरी आणलाय. हाही अंड्यावर असेल का? ताईंच्या चिंगीला जोडीदार लागत असला तर देतो, पैसे नकोत.

रानवेडा_खानापूर
काका, पोरानं धोंड्यापासून वाचवला, पोराला शाबासकी द्या. पण आजच परत सोडा.

हा आपला भारतीय शॅमेलियन. अख्ख्या भारतात शॅमेलियनची ही एकच जात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला संरक्षण आहे, घरात ठेवणं, देणं-घेणं सगळं गुन्हा. चिंगी येमेन-सौदीकडची वेगळी जात, दोघांची जोडी लावायचीच नाही. रानातल्या जनावराचे जंत घरच्याला लागतील ते वेगळंच.

विषारी तर अजिबात नाही. धरला तर तोंड वासतो, फुसफुसतो, अंग फुगवतो, कधी चावतोही, पण विष नाही.

पाऊस सरत आला की मोठ्या पोटाची मादी जमिनीवर दिसते, बहुतेक अंडी घालायलाच चाललेली असते. दहा-वीस-तीस अंडी जमिनीत पुरते. ती कुठं चाललेली ते पोराला विचारा आणि रस्त्याच्या त्याच बाजूला, झुडपाशी सोडा. लांबच्या 'चांगल्या' रानात नको. जखम असेल तर फॉरेस्टला १९२६ वर फोन करा. कागवाड हद्दीवरचं गाव, पण नंबर अलीकडं-पलीकडं तोच.

कागवाडचा_शेतकरी
बरं. पोरगं म्हणतंय बांधाकडं चाललेला. दिवस मावळायच्या आत सोडून येतो.

अनगोळ_आक्का
विषय निघालाच म्हणून, ताई, चिंगीची नोंद आहे ना? वन्यजीव कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्स (वन्यजीव व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतले परदेशी प्राणीही नोंदवावे लागतात. २०२४ ला त्याचे नियम आले, केंद्राच्या परिवेश पोर्टलवर अर्ज. वेल्ड त्या यादीत आहे. मालक बदलला, पिल्लं झाली, तेही कळवायचं असतं.

कॅम्पकर_ताई
मित्राच्या नावावर नोंद आहे, कागद माझ्याकडं आहेत. माझ्या नावावर करायचं काम भाऊ बघूलाय.

एक्स-रे झाला. घराजवळच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांचंच मशीन. डॉक्टर म्हणाले सरडा पहिल्यांदाच टेबलावर घेतोय, पण काढू. त्यांनी फोटो कोल्हापूरला एका ओळखीच्या डॉक्टरांना पाठवला. अंडीच आहेत, कवचासकट, पोट पूर्ण भरलंय. वेडंवाकडं काही दिसत नाही. डॉक्टरांनी माती देऊन वाट बघा, डोळे मिटले तर लगेच घेऊन या म्हटलंय.

डबा ठेवलाय. ती उतरली, कोपऱ्यात खणायला लागली, इतक्यात भाचा टॉर्च घेऊन बघायला गेला. ती बाहेर आली ती वरच जाऊन बसली. आता काय?

रानवेडा_खानापूर
भाच्याला आजोळाहून घरी पाठवा. 🙂 खणताना माणूस दिसला की बोगदा सोडून देते. पिंजऱ्याच्या तीन बाजूंना चादर लावा, वरून जाळी उघडी राहू दे, हवा-उजेड येऊ दे. पाणी मात्र चालू ठेवा. वाटीतलं पाणी तिला कळत नाही, पानावर फवारा, थेंब चाटते. आणि गणपती जवळ आलेत. कॅम्पात मिरवणूक कुठून जाते माहीत नाही, पण डॉल्बी भिंतीला लागली की पिंजरा थरथरतो. रस्त्याच्या बाजूची खोली असेल तर आताच मागच्या खोलीत हलवा. एकदा खणायला लागली की मग हलवायचं नाही.

कारवारी_बांगडा
मध्येच विचारतो. माझ्या मित्राकडच्या शॅमेलियनला थेट पिल्लं झाली म्हणतो. थापा मारतो ना?

रानवेडा_खानापूर
थापा असतीलच असं नाही. तीन शिंगांचा जॅक्सन शॅमेलियन थेट पिल्लं देतो, पोटात पाच-सहा महिने वाढवून. पूर्व आफ्रिकेतल्या डोंगरातला, थंडी सोसणारा. मातीत अंडी पुरून ऊब मिळेल अशी त्याची जागाच नाही. वेल्ड, पँथर, आपला घोयरा, हे सगळे अंडी घालणारे. तीन ठळक शिंगं नर जॅक्सनला असतात, मादीला बहुधा तशी नसतात, मित्राला फोटो मागा.

कॅम्पकर_ताई
घातली!! मागच्या खोलीत नेलं, आईची जुनी चादर लावली. काल दुपारी उतरली ती रात्री उशिरापर्यंत डब्यातच. करंट गेला तेव्हाही मी टॉर्च लावला नाही. सकाळी बघते तर वर फांदीवर, पोट आत गेलेलं, कंबरेची हाडं दिसताहेत, पायांना माती चिकटलेली, आणि डब्यातली माती वरून अशी थापटलेली की खणलंय हे कळूच नये. फवारा मारला तर कितीतरी वेळ पाणी पीत होती. नंतर दोन रातकिडे खाल्ले.

माती उकरून अंडी काढली, ४३ निघाली. बोटाच्या पेरापेक्षा लहान, पांढरी, कवच कातडीसारखं. काही पिवळसर आणि मऊ आहेत, पण निम्मी तरी चांगली टणक दिसतात. ती जिवंत असतील का? नर नव्हता ना?

पशुवैद्य_होणार
अभिनंदन! दोन-तीन आठवडे तिला नीट खाऊ द्या, कॅल्शियम रोज. अंगातलं बरंच गेलंय तिच्या.

टणक पांढरं म्हणजे जिवंत असं नाही, न फळलेलीही सुरुवातीला तशीच दिसतात. मग पिवळी पडून खचतात, बुरशी येते. टॉर्च धरूनही इतक्यात काही कळत नाही. पण एक विचारा, भावाच्या मित्राकडे कधी नर होता का? वेल्डची मादी संगमातलं वीर्य साठवून ठेवते. एका संगमावर पुढच्या दोन-तीन खेपा फळलेल्या येऊ शकतात, महिन्यांच्या अंतरानं.

कॅम्पकर_ताई
फोन केला. त्याच्या रूममेटकडे नर होता, "एकदा दोघांना बाहेर सोडलेलं" म्हणतो. हे आता सांगतोय. म्हणजे आज्जी बरोबर निघायची शक्यता आहे. ती तेव्हापासून घरभर हसत फिरतेय.

निपाणीकर
मग उबवा की! बेळगावातली पहिली शॅमेलियनची पिल्लं.

रानवेडा_खानापूर
माझं मत उलटं आहे, रोखठोक सांगतो. वेल्डची अंडी २६-२८ अंशावर सहा-आठ महिने सांभाळावी लागतात. इथं करंट जातो, डिसेंबरात रात्री थंडी पडते. समजा निभावलं, तर वीस-तीस पिल्लं. प्रत्येकाला रोज फळमाश्या, बारीक रातकिडे. थोडी मोठी झाली की एकमेकांना बघूनच ताणाखाली येतात, प्रत्येकाला वेगळा पिंजरा. नोंदणी प्रत्येकाची. मग ती द्यायची कुणाला? ज्याला माती लागते हे ठाऊक नाही त्याला? आज चिंगीचं नशीब की ताईंनी विचारलं. मी असतो तर अंडी आजच फ्रीजरमध्ये टाकली असती. ताज्या अंड्यात अजून फारसं काही घडलेलं नसतं.

निपाणीकर
फळमाश्यांची काळजी नको, आमच्याकडच्या गुऱ्हाळावर या, फुकट. पण पिंजऱ्यांचं पटलं.

अनगोळ_आक्का
रानवेडांशी सहमत. त्यापेक्षा पुढची खेप लहान कशी येईल ते बघा. नर नसला तरी ती पुन्हा तीन-चार महिन्यांत अंड्यावर येऊ शकते. जास्त खाणं आणि जास्त ऊब म्हणजे जास्त अंडी. अंगात भरली की मग एक दिवसाआड तीन-चार किडे पुरेत, आणि दिव्याखालची जागा २७-२८ अंशांच्या वर नको. भरपूर खायला घालणं म्हणजे प्रेम, ही सवय मोडावी लागते. मी रातकिड्यांबरोबर रेशीमकिडे देते. तुती लावलेल्या शेतकऱ्याकडून थोड्या अळ्या मिळतात, मऊ असतात, पाणीही पोटात जातं. फवारणी कधी केली ते विचारूनच घ्यायच्या.

कागवाडचा_शेतकरी
आमच्या भागात तुती लावणारे आहेत, सांगा कधी पाहिजे. आणि तो घोयरा सोडला बांधावर. पोरगं रोज शाळेतनं येताना बघून येतंय, दिसला नाही म्हणतंय.

रानवेडा_खानापूर
दिसणारच नाही काका, तेच तर काम आहे त्याचं. तिथं ताजी थापटलेली माती दिसली तर मात्र त्या जागी नांगर घालू नका. अंडी पुष्कळ महिने आत राहतात.

कॅम्पकर_ताई
ठरलं, अंडी फ्रीजरमध्ये गेली. आईनं डब्यावर मार्करनं 'हे खायचं नाही' असं मराठीत आणि कन्नडात लिहून ठेवलंय. मातीचा डबा पिंजऱ्यातच राहू देते, कायमचा. नवी ट्यूब मागवली. आक्का, रेशीमकिड्यांना घरी तुतीचा पालाच लागतो का, की दुसरं काही चालतं?

अनगोळ_आक्का
तुतीच लागते. अनगोळात माझ्या परसात झाड आहे, ये घेऊन जा.